साहेबगिरीचा पेपर

मला हाकलून दिलं. भर दुपारी, माझ्याच विभागातून, माझ्याच विद्यार्थिनीनं, आणि तेही इतक्या आदरानं की पर्स उचलून, जिना उतरून रस्त्यावर आले तरी नक्की काय झालंय ते मला उमगलं नव्हतं. रस्त्यावर रणरणतं ऊन होतं. समोरच्या चष्म्याच्या दुकानातला माणूस काच पुसत होता, आणि मी त्याच्याकडे बघत अशी उभी राहिले की त्याला विचारावं, बाबा रे, या वेळेला माणसं जातात तरी कुठे? कारण या वेळेला मी कधी रस्त्यावर नसतेच. या वेळेला मी डबा संपवून, हात धुऊन, दुपारच्या तासाची तयारी करत असते, किंवा कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत असते. बहुतेक दुसरंच. काच पुसणारा माणूस थांबला आणि मला म्हणाला, ‘काय पाहिजे, बाई?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ आणि चालायला लागले. काही नाही म्हटल्यावर चालावंच लागतं.

‘मॅडम, तुम्ही आता घरी जा,’ एवढंच ती म्हणाली होती. दोन्ही हातांत पुस्तकांची चळत, वरच्या पुस्तकावर हनुवटी टेकवलेली, कपाळावर धुळीचा पट्टा. मला वाटलं, माझ्या दम्याची काळजी करतेय. म्हटलं, ‘अगं, धुळीचं काही नाही, सवय आहे मला.’ तर म्हणाली, ‘धुळीसाठी नाही. आज साहेब मी आहे ना? मग माझं सांगणं आहे. तुम्ही घरी जा.’ आजूबाजूची साखळी थांबली. हातोहात पुस्तकं वर चालली होती ती जागच्या जागी राहिली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी काय करणार? नियम माझाच होता.

हे नियमाचं प्रकरण सांगायला हवं. पुढे ज्यांना ग्रंथपाल व्हायचंय अशा मुलामुलींना मी शिकवते. बाकीचे शिक्षक वर्गीकरण शिकवतात, संगणक शिकवतात. माझ्याकडे ‘व्यवस्थापन आणि नेतृत्व’ हा विषय. पोरं त्याला साहेबगिरीचा पेपर म्हणतात, आणि मला ते ठाऊक नाही असं समजतात. दरवर्षी पहिल्या दिवशी मी विचारते, इथे का आलात? दरवर्षी सगळे एकच सांगतात, आम्हाला पुस्तकं आवडतात. मी म्हणते, फार छान, पण माणसं आवडतात का? पुस्तकं रुसत नाहीत, रजेवर जात नाहीत, खिडकीजवळचं टेबल तिला दिलं आणि मला का नाही म्हणून तोंड फुगवून बसत नाहीत. लायब्ररी चालवायची म्हणजे माणसं चालवायची. मग त्यांची तोंडं उतरतात. त्यांना वाटलेलं असतं, शांत जागा मिळेल, कोपरा मिळेल, आपण बरे आणि आपलं पुस्तक बरं. मला त्यांचा राग येत नाही. मीही तशीच आले होते. म्हणून मी प्रात्यक्षिक ठेवलंय: विभागातलं एकेक खरंखुरं काम, आणि प्रत्येक कामाला पाळीपाळीनं एकेक साहेब. बाकीचे त्याच्या हाताखाली. आणि एकदा बोलता बोलता मला चेव चढला आणि मी म्हणाले, ‘बाकीचे म्हणजे मीसुद्धा. त्या दिवशीचा साहेब सांगेल ते मी ऐकणार. झाडू मार म्हणाला तर झाडू मारीन.’ सगळे हसले. मला वर्ग हसला की बरं वाटतं. झाडूपर्यंत माझी तयारी होती. घरी जा म्हणेल असं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती अशी.

बस आली. या वेळची बस मी कधी पाहिली नव्हती. रिकामी, खिडक्या उघड्या, ड्रायव्हर गुणगुणत गाडी हाकतोय. पुढे एक बाई मांडीवर झोपलेल्या पोराचे बूट हातात धरून बसली होती. मी खिडकीशी बसले, आणि खोटं कशाला बोलू, वाऱ्याची एक झुळूक आली आणि अपमान वगैरे बाजूला राहून मला छानच वाटलं. मग लगेच वाटलं, छान काय वाटायचंय? तिकडे काय चाललंय! कारण निघताना दारातून मी एकदाच मागे वळून पाहिलं होतं, आणि पाहिलं नसतं तर फार बरं झालं असतं. आमची विभागाची लायब्ररी इतकी वर्षं तळघरातल्या खोलीत होती. आता वरच्या मजल्यावर उजेडाचा मोठा हॉल मिळालाय, उद्या सकाळी प्राचार्य पाहुण्यांना घेऊन येणार, फीत कापणार. पुस्तकं खालून वर न्यायची आणि लावायची, हे आजचं प्रात्यक्षिक. तोवर माझं लक्ष जिन्यावरच्या साखळीकडेच होतं, आणि मी पाहिलं तेव्हा वरचं पहिलं कपाट लावून झालं होतं. गच्च. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट शिरणार नाही अशी पुस्तकं, आणि दोन मुली चार पावलं मागे सरून, बाळाला न्हाऊमाखू घालून ठेवल्यासारखं कौतुकानं त्या कपाटाकडे बघत होत्या.

बाहेरच्या माणसाला भरलेली फळी सुंदर दिसते. आम्हा लोकांना ती बघवत नाही. लायब्ररीतली फळी कधी पूर्ण भरायची नसते. तिचा तिसरा हिस्सा मोकळा सोडायचा. पुस्तकं विषयाप्रमाणे लागतात. पुढच्या महिन्यात त्याच विषयाचं नवं पुस्तक आलं की त्याला तिथेच, त्याच फळीवर जागा लागते. जागा नसेल तर शेजारचं पुस्तक पुढे सरकवा, त्यासाठी त्याच्या शेजारचं, मग खालची फळी, मग पुढचं कपाट. एका पुस्तकापायी अख्खा हॉल हलवत बसायची पाळी येते. हे मी शिकवलंय. नुसतं शिकवलं नाही, परीक्षेत विचारलंय. सगळ्यांनी आकृती काढून उत्तर लिहिलं आणि मी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. आणि आज प्रत्यक्ष हातात पुस्तकं आल्यावर एकालाही आठवू नये? माझं तोंड उघडलेलंच होतं. तेवढ्यात ती जिन्यावरून नवी चळत घेऊन वर आली आणि म्हणाली, ‘मॅडम?’ फक्त मॅडम. पण तो प्रश्न होता. मी म्हटलं, ‘जाते, जाते,’ आणि उघडलेलं तोंड तसंच घेऊन जिना उतरले.

तिला वर्गात सगळे गोगलगाय म्हणतात. हळू चालते, हळू बोलते, भिंतीच्या कडेकडेनं जाते आणि कुणी हाक मारली की आत जाते. हजेरीला तिचा ‘हजर’ मला कधी ऐकू येत नाही, मी ओठ हललेले बघून खूण करते. गोगलगाय आणि पोटात पाय, असं एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हटलं होतं, तेव्हा मी त्याला झापलं होतं; आज वाटलं, त्याला काहीतरी कळलं असावं. स्थलांतराच्या कामाला पाळी तिची आली तेव्हा वर्गाचे चेहरे बघण्यासारखे झाले. आमची टॉपर, जिचा हात प्रश्न संपायच्या आत वर असतो, ती तासानंतर मला येऊन म्हणाली, ‘मॅडम, हे काम मोठं आहे. मी घेऊ का? तिला पुढचं छोटं द्या.’ माझ्या मनात क्षणभर आलं होतं की द्यावं. दिलं नाही, कारण पाळी म्हणजे पाळी. आणि आता ती गोगलगाय सगळ्या वर्गाला घेऊन एक भलीमोठी चूक, फळीमागून फळी, हातोहात वर चढवत होती, आणि ते या जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी बसमध्ये वारा खात होते.

फोन पर्समध्येच होता. एक फोन आणि काम फत्ते. ‘अगं, फळ्या गच्च भरू नका,’ एवढं एक वाक्य. हॉल वाचला असता, उद्याची फीत वाचली असती, पोरांचे हात वाचले असते. बुडाली असती ती एकटी. कारण मॅडमचा फोन आला, हे दोन मिनिटांत सगळ्यांना कळलं असतं, आणि मग संध्याकाळपर्यंत कुणी तिचं ऐकलं नसतं. बरोबरच आहे, साहेबाला घरून सूचना येत असतील तर साहेब कोण? आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाला काही करायला सांगितलं होतं. आणि सांगितलं कुणाला, तर मला. ते मी मोडायचं? पण न मोडावं तर उद्या प्राचार्यांसमोर तिची शोभा होणार. आमचे प्राचार्य काही बोलत नाहीत, नुसतं ‘अस्सं’ म्हणतात, आणि तो ‘अस्सं’ माणसाला वर्षभर पुरतो. ही पोरगी त्या एका शब्दानं जी आत जाईल ती पुन्हा बाहेर यायची नाही. इकडे आड, तिकडे विहीर. मी पर्सची चेन उघडली, लावली, उघडली. समोरच्या बाईनं पोराचे बूट घट्ट धरले. तिला वाटलं असेल, ही बाई काहीतरी शोधतेय.

मला तात्या आठवले. आठवायचं नव्हतं, पण आलेच. माझ्या पहिल्या नोकरीतले ग्रंथपाल. माणूस देवासारखा, फक्त देवासारखाच सगळीकडे असायचा. नवी कपाटं कुठे ठेवायची, शाई कुठली आणायची, शिपायानं पाणी कुठून भरायचं, सगळं तात्या. निवृत्त झाले त्या दिवशी मला म्हणाले, ‘पोरी, आता तुझं राज्य.’ दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर तात्या पायरीवर. पेपर वाचायला आलो म्हणाले. मग रोजच आले. खिडकीजवळ बसायचे, पेपर समोर धरलेला, आणि नजर पेपरच्या वरून. मी एखादं कपाट हलवायचं ठरवलं की तिकडून खोकला यायचा. कुणी मला प्रश्न विचारला की मी उत्तर द्यायच्या आधी विचारणाराच खिडकीकडे बघायचा. तात्या बोलत काहीच नसत. एकदा दुपारी, कुणी नाहीसं बघून, ते उठले आणि मी लावलेली एक अख्खी फळी पुन्हा आपल्या पद्धतीनं लावून बसले. आणि ती त्यांची पद्धत माझ्यापेक्षा चांगली होती, हे तर फारच जिव्हारी लागलं. मी घरी जाऊन रडले होते. पुढे ते मुलाकडे राहायला दुसऱ्या गावी गेले. मी त्या खिडकीजवळची खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवली, आणि मग कितीतरी दिवस खिडकीकडे बघून मलाच चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. तात्यांवर माझं प्रेम होतं. पण ते समोर बसलेले असताना मला एक धड निर्णय घेता येत नव्हता, हेही खरं होतं. बसमध्ये बसल्या बसल्या मला एकदम शंका आली की ती मुलगी मला घरी पाठवत होती की तात्यांना. माझी खुर्ची हॉलमध्ये कुठे होती? दाराशी. सगळं दिसावं म्हणून मीच तिथे ओढून घेतली होती.

घरी आले. दार आमच्या ह्यांनी उघडलं, अंगात बनियन, हातात सुरी, खांद्यावर फडकं. नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून दुपारचं घर यांच्याकडे असतं. ते कसं असतं हे मला आजवर ठाऊक नव्हतं, जसं आपण झोपल्यावर आपला चेहरा कसा दिसतो ते ठाऊक नसतं. रेडिओ चालू होता. जेवणाच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला, दोन्ही बाजूंनी तेच खेळत होते.

‘आज लवकर? हाकलून दिलं की काय?’ ते म्हणाले.

‘हो,’ मी म्हटलं.

ते थांबले. मग मी सगळं सांगितलं, झाडूपासून गोगलगायीपर्यंत, आणि हा माणूस हसायला लागला. सुरी खाली ठेवून, टेबलाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. ‘पोरगी मोठी होणार बघ,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘अहो, हसताय काय? तिकडे फळ्या गच्च भरतायत!’ तर म्हणाले, ‘भरू देत की. फळ्याच आहेत. पूल तर बांधत नाहीयेत.’ मला राग आला. मी स्वयंपाकघरात गेले. तिथे सगळं हललेलं होतं. मीठ खिडकीत, चहाचा डबा खालच्या कप्प्यात, चमचे एका पेल्यात उभे. सकाळी मी निघते तेव्हा सगळं माझ्या जागी असतं. म्हणजे मी गेल्यावर हे रोज आपल्या सोयीनं मांडतात आणि मी यायच्या आत परत माझ्या सोयीनं लावून ठेवतात. किती दिवस चाललंय हे? माझा हात आपोआप मिठाच्या बरणीकडे गेला.

‘हात लावू नकोस,’ मागून आवाज आला. ‘दुपारचं ते तिथेच असतं.’

एका दिवसात दोनदा! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण लोकांनी इतकं ठरवून मागे लागायचं म्हणजे अतीच. मी बाहेर येऊन सोफ्यावर बसले. त्यांनी मला काकडी चिरून आणून दिली, वर मीठ लावून. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर पसरलं होतं. आमच्या फरशीवर दुपारी असं ऊन येतं, हेही मला माहीत नव्हतं. रेडिओवर कुणीतरी शेतीच्या अवजारांबद्दल मन लावून बोलत होतं, आणि हे एकदा या खुर्चीत, एकदा त्या खुर्चीत बसून स्वतःलाच शह देत होते. सुखी दिसत होते. मला वाटायचं, बिचारे दिवसभर एकटे असतात. मी रोज दुपारी आठवणीनं फोन करून विचारते, जेवलात का, गॅस बंद केलात का. ते दर वेळी हो म्हणतात.

काकडी संपली आणि पुन्हा ते कपाट डोळ्यांपुढे आलं. एव्हाना अर्धा हॉल झाला असेल. मग मला एक युक्ती सुचली, आणि सुचली तेव्हा ती मला फार हुशारीची वाटली. गोगलगायीला फोन करायचाच नाही. टॉपरला एक छोटासा निरोप पाठवायचा. ‘फळीचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवायचा, आठवतंय ना?’ बस्स. ती सुचवेल, जणू तिलाच आठवलं. साप मरेल, काठी मोडणार नाही. मी चष्मा लावला, निरोप लिहिला, एक शब्द बदलला, पुन्हा वाचला. अंगठा पाठवायच्या खुणेवर नेला. आणि मला आठवलं की हे मी शिकवते. साहेबाच्या डोक्यावरून हाताखालच्या माणसाला गुपचूप सूचना देणं हा साहेबगिरीतला सगळ्यात घाणेरडा प्रकार, असं मी टेबलावर हात आपटून शिकवते. उघड बोललात तर भांडण होईल, म्हणते मी, पण मागच्या दारानं बोललात तर तुमच्याकडे माणूसच उरणार नाही. वर्ग ते लिहून घेतो. आणि टॉपर काय, तिनं ‘मला आठवलं’ असं थोडंच म्हटलं असतं! तिनं फोन वर करून सगळ्यांना वाचून दाखवला असता. मी निरोप पुसला. एकेक अक्षर मागे मागे जात पुसलं. पुसून झाल्यावर मला दमल्यासारखं झालं, पुस्तकं वाहिल्यासारखं. मी म्हटलं, बुडू दे हॉल. उद्या प्राचार्यांच्या ‘अस्सं’पुढे मी तिच्या शेजारी उभी राहीन. तेवढं तर मला करता येईल. आणि सोफ्यावर डोकं टेकलं.

आणि झोपले. दुपारी! आमची मुलगी लहान होती तेव्हापासून मी दुपारी झोपलेले नाही. काय झोप होती ती. तळ्याच्या तळाशी जाऊन पडावं तशी. मध्ये एकदा कुणीतरी पंखा बारीक केला आणि पायांवर चादर घातली. रेडिओ कधी बंद झाला कळलं नाही. फोन वाजला तेव्हा फरशीवरचं ऊन गेलं होतं आणि खिडकीत संध्याकाळ होती.

‘मॅडम, झोपला होतात का?’

‘छे,’ मी म्हटलं. हे सगळेच म्हणतात.

‘चुकलं, मॅडम.’ गोगलगायीचा आवाज बसला होता. बसला होता म्हणजे दिवसभर वापरला गेला होता. ‘फळ्या गच्च भरत गेलो. शेवटाला आलो तर पुस्तकं संपली आणि कपाटं उरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, बघा, जागा वाचली. मलाही आधी बरंच वाटलं. मग वाटलं, कपाटं तर हिशेबानं आणलेली, उरतील कशी? आणि मग आठवलं, फळीचा तिसरा हिस्सा.’

मी ओठ घट्ट मिटून धरले होते. ‘मग?’

‘मग कुणी म्हणालं, दिसतंय ना छान, उद्या फीत कापून होऊ दे, मग सावकाश करू. मी म्हटलं, सावकाश म्हणजे कधीच नाही. जाम भडकले सगळे. एकजण तर डबा उचलून निघालाच होता. मी म्हटलं, चूक माझी आहे, लक्ष मी ठेवायला हवं होतं, पण सगळं परत उतरवणं मला एकटीला जमायचं नाही.’

‘मग?’

‘मग तो बसला. म्हणाला, आधी चहा पाज.’ ती हसली. हिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते. ‘मग मी प्राचार्यांकडे गेले.’

‘तू? एकटी?’

‘टॉपर म्हणाली मी येते, मी म्हटलं तू इथे चहा बघ. त्यांना म्हटलं, सर, उद्या नाही होणार, परवा होईल. ते म्हणाले, अस्सं. मी तिथेच उभी राहिले. मग ते म्हणाले, मॅडमना बोलवा. मी म्हटलं, मॅडमना मी घरी पाठवलंय, आज साहेब मी आहे. मग त्यांनी डायरी उघडली आणि म्हणाले, परवा किती वाजता?’

मी सोफ्यावर ताठ उठून बसले. हे माझ्याकडे बघत होते. मी हातानंच ‘काही नाही’ असं केलं. मग ती म्हणाली, ‘तुम्हाला माहीत होतं ना, मॅडम?’

‘हो. निघताना दारातून दिसलं होतं.’

‘आणि तुम्ही सांगितलं नाहीत.’

‘तू घरी जायला सांगितलं होतंस.’

माझ्या मनात आलं, आता चिडेल, आणि चिडायचा तिला हक्क आहे. त्यांच्या हातांचे तुकडे पडले असतील.

‘राग आलाय मला,’ ती सरळ म्हणाली. ‘पण तुम्ही फोन केला असतात ना, तर याहून जास्त आला असता.’

‘एक विचारू?’ मी म्हटलं. दिवसभर मला हेच विचारायचं होतं. ‘मला का पाठवलंस घरी? मी तर काही बोलतही नव्हते.’

‘रागावणार नाही ना? तुमच्या भुवया, मॅडम.’

‘माझ्या काय?’

‘भुवया. काही चुकायला लागलं की त्या वर जातात. सगळा वर्ग त्या बघूनच चालतो. उत्तर सांगता सांगता आम्ही तुमच्याकडे बघतो, भुवया वर गेल्या की उत्तर फिरवतो. आज तुम्ही थांबला असतात तर पुढच्याच फळीला त्या वर गेल्या असत्या, आम्ही जागा सोडली असती, आणि का सोडली ते कुणालाच कळलं नसतं. मलाही नाही.’

मी आपोआप कपाळाला हात लावला. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी पोरांना स्वतःच्या डोक्यानं विचार करायला शिकवते. किती जणांची उत्तरं माझ्या कपाळावर लिहिलेली होती देव जाणे. वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त, अगदी पोटातून, हसू येत होतं.

‘आणि मॅडम,’ ती म्हणाली, ‘उद्याही येऊ नका. परवा या. फीत कापायच्या वेळेला. पुढची खुर्ची ठेवते तुमच्यासाठी.’

‘बरं, साहेब,’ मी म्हटलं.

फोन ठेवला. हे रात्रीच्या भाजीसाठी दुधी घेऊन बसले होते, समोर ताट, हातात सुरी. ‘काय म्हणाली?’

‘उद्याही सुट्टी.’

‘उद्याही?’ म्हणाले, आणि चेहरा असा पडला की मला पुन्हा हसू फुटलं. बिचाऱ्यांच्या दुपारचं मीठ माझ्या हाती लागणार होतं.

‘अहो, एक खरं सांगा. काही चुकायला लागलं की माझ्या भुवया वर जातात?’

त्यांनी मान वर केली नाही. ‘ही तुला आज बातमी आहे का?’ म्हणाले. ‘आपलं घर त्यांच्यावरच तर चाललंय.’

त्यांनी दुधीचा पहिला काप काढला. चांगला बोटभर जाड. असा जाड दुधी शिजायला किती वेळ घेतो! मला कळलं, कपाळावर काहीतरी हलायला लागलंय. मी खुर्ची उचलली, फिरवली आणि त्यांच्याकडे पाठ करून, तोंड खिडकीकडे करून बसले. मागे सुरी क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू झाली, आधीपेक्षा जरा मोकळी, आणि थोड्या वेळानं ते काहीतरी गुणगुणायला लागले.